दिव्याचं तेल

फुकट गाण्याला माझा विरोध होता. थोडाथोडका नाही, चांगली तीस वर्षं. नेवाशात एखाद्या मंडळानं मोकळ्या पटांगणात सगळ्यांसाठी विनामूल्य कार्यक्रम ठरवला आणि पेटीच्या साथीला मला बोलावलं, की मी सरळ नाही म्हणायचो. "दार असलेली जागा घ्या, तिकीट लावा, मग येतो." हे मी माणसांच्या तोंडावर बोललोय आणि त्यातले काही जण आज हे वाचतील. माझं ते मत आता राहिलेलं नाही. कसं बदललं ते नीट सांगायचं आहे, कारण त्या मतापायी मी एका माणसाला दारातून परत पाठवलं होतं.

मत उगीच बनलं नव्हतं. माझे गुरुजी नगरला एका खोलीत राहायचे. कोनाड्यात सत्काराच्या नारळांची रास असायची आणि किराणा उधारीवर यायचा. मी स्वतः तरुणपणी एका गावच्या उत्सवात रात्री नऊ ते पहाटे तीन पेटी वाजवली. निघताना टॉवेल-टोपी मिळाली, आणि एसटीचं भाडं खिशातून गेलं. त्या गाडीत बसूनच मी ठरवलं, की ज्या गाण्याला दाम नाही त्याला मान नाही. लोक शेंगा खात बसतात, पोरं माइकभोवती पळतात, पुढच्या रांगेत उसाच्या बिलाच्या गप्पा चालतात, हे सगळं गाणं फुकट असल्यामुळे होतं, असं माझं पक्कं झालं.

पुढं आम्ही चार-सहा जणांनी मिळून गाण्याची सभा सुरू केली. एका शाळेचा हॉल, थंडीच्या दिवसांत चार बैठकी, पुण्या-मुंबईचे गायक. कार्यक्रम सुरू झाला की दार बंद. सात वर्षांखालच्या मुलांना आत घ्यायचं नाही. कलाकाराचं मानधन कार्यक्रमाच्या आधी पाकिटात. यातल्या शेवटच्या नियमाचा मला आजही अभिमान आहे आणि तो मी सोडलेला नाही.

२००६ च्या डिसेंबरात तिकीट शंभर रुपये होतं. दाराशी टेबल टाकून मी बसलो होतो. सातच्या सुमाराला तात्या आले. शेतातून थेट आलेले दिसत होते, धोतराच्या काठाला ओली माती, हातात हरभऱ्याची जुडी, बहुतेक गायकाला द्यायला आणलेली. हे तात्या म्हणजे आमच्या भजनी मंडळाचे पखवाजवाले. माझ्या हाताला पहिला ठेका त्यांनी लावला. मी आठ वर्षांचा होतो, देवळाच्या ओसरीवर त्यांनी माझी बोटं धरून गुडघ्यावर आपटून दाखवली होती. मी म्हणालो, "तात्या, तिकीट आहे."

"तिकीट? गाण्याला?"

त्या विचारण्यात टोमणा नव्हता. सप्ताहात, काकड्यात, एकादशीच्या जागरात जन्म गेलेल्या माणसाला ते खरंच नवं होतं. माझ्या खिशात दोन पास होते, एका साहेबांसाठी राखून ठेवलेले. साहेब शेवटपर्यंत आले नाहीत. मी खिशात हात घातला नाही. नियम सगळ्यांना सारखा, असं काहीतरी पुटपुटलो. तात्या म्हणाले, "मग राहू दे." जुडी टेबलावर ठेवली आणि गेले. चोखोबांच्या समाधीला हात लावून पंढरीच्या देवळात चढणारा मी वारकऱ्याच्या घरातला माणूस, आणि एका पखवाज्याला गाण्याच्या दाराबाहेर ठेवून मी आत जाऊन पेटी वाजवली. चांगली वाजली त्या दिवशी. ते मला जास्त लागतं.

हे मी सतरा वर्षं कुणाला सांगितलं नाही.

२०२३ च्या ऑक्टोबरात लेकीकडं ह्यूस्टनला होतो. जावई म्हणाले, शेजारच्या लुईझियाना राज्यात लाफायेत नावाचं गाव आहे, साडेतीन तासांचा रस्ता, तिथं तुमच्या पेटीच्या भावकीतलं वाद्य ऐकायला मिळेल. शनिवार होता आणि तिथी सर्वपित्री अमावास्येची. सकाळी पान वाढलं आणि निघालो. लाफायेत जवळ आलं तशी भाताची खाचरं लागली, आणि मग ऊस. त्यांचाही हंगाम ऑक्टोबरातच धरतो. उसानं भरलेली वाहनं रस्त्यानं जाताना बघून मला क्षणभर आमच्याकडच्या भेंड्याच्या साखर कारखान्याच्या रस्त्यालाच लागल्यासारखं वाटलं. तोडणी मात्र यंत्रानं. पाचटात कोयता घेतलेली बाई तिथं दिसत नाही.

जिरार्ड पार्क नावाची मोठी बाग आहे, जुन्या ओक झाडांची. 'फेस्टिव्हल्स अकादियाँ ए क्रिओल' नावाचा उत्सव तिथं भरतो. मी सवयीनं तिकिटाची खिडकी शोधत होतो. लेक म्हणाली, "बाबा, तिकीट नाहीये. आत चला." आत म्हणायला दारही नव्हतं. लोक घरून घडीच्या खुर्च्या घेऊन आले होते. आजीबाई, तान्ही मुलं, कुत्री, भातावर घातलेल्या झिंग्यांच्या कालवणाचा वास. मी मनात म्हटलं, झालं, आता शेंगा आणि गप्पा.

दोन जातीचं संगीत होतं. एक केजन आणि दुसरं झायडेको. केजन म्हणजे कॅनडाच्या किनाऱ्यावरून १७५५ पासून इंग्रजांनी हाकलून लावलेल्या फ्रेंच बोलणाऱ्या शेतकऱ्यांच्या वंशजांचं. घरंदारं जळाली, कुटुंबांची ताटातूट झाली, आणि त्यातले बरेच जण शेवटी या दलदलीच्या मुलखात येऊन रुजले. झायडेको त्याच मुलखातल्या फ्रेंच बोलणाऱ्या काळ्या माणसांचं, त्यात त्यांचा ब्लूज मिसळलेला. नावाबद्दल असं सांगतात की ते घेवड्याच्या शेंगांच्या फ्रेंच शब्दावरून आलं. शेंगांत घालायला खारवलेलं मांससुद्धा नाही, असं दिवस वाईट असल्याचं तिथलं बोलणं होतं. आपल्याकडं 'आमटीत डाळ शोधावी लागते' म्हणतात, त्यातलाच प्रकार.

मी पेटीवाला, त्यामुळं नजर अकॉर्डियनवर. केजन अकॉर्डियन लहानसं असतं, दहा बटणांचं. एकाच बटणाला भाता दाबताना एक सूर आणि ओढताना दुसरा. म्हणजे गाणं वाजवायचं तर श्वास कुठं घ्यायचा हे हातालाच ठरवावं लागतं. मींड नाही, गमक नाही, अर्धे सूर नाहीत. जे दोष आमच्या पेटीला लावले गेले ते सगळे या वाद्यात जास्तच. शेजारी एक जण लोखंडी त्रिकोण वाजवत होता. पूर्वी गवत गोळा करायच्या दाताळ्याचे दात वाकवून हे त्रिकोण करायचे. झायडेकोवाल्यांच्या गळ्यात तर पन्हाळी पत्रा होता, खांद्यावरून अडकवून छातीवर घेतलेला. मुळात ती कपडे धुवायची फळी. क्लिफ्टन शेनिए नावाच्या अकॉर्डियनवाल्यानं १९४६ च्या सुमाराला विली लँड्री या पत्र्याचं काम करणाऱ्या माणसाकडून ती अंगात घालता येईल अशी करून घेतली. वाजवायची बाटल्यांची झाकणं उघडायच्या हत्यारानं. वाजवणारा पाणी प्यायला खाली आला तेव्हा लेकीनं त्याला विचारलं आणि मी त्या पत्र्यावरून बोट फिरवलं. कडेच्या वळ्या धारदार होत्या, मधल्या झिजून गुळगुळीत झालेल्या. पाट्याला टाकी लावायची वेळ आली की त्याचा मधला भाग लागतो तशा. घरातलं एखादं काम वर्षानुवर्षं केल्याखेरीज अशी झीज येत नाही.

लोक बोलत होते, खातही होते. माझ्या पुढं एक म्हातारं जोडपं शेजाऱ्यांशी कसल्याशा व्यवहाराचं मन लावून बोलत उभं होतं. गाणं वॉल्ट्झच्या, म्हणजे तीन मात्रांच्या चालीवर आलं. त्या दोघांनी बोलणं न थांबवता एकमेकांचा हात धरला आणि फिरायला लागले. बोलणं चालू, पाय समेवर. एक पाऊल चुकलं नाही. गाणं संपलं, ते थांबले, आणि व्यवहाराचं बोलणं पुढं चालू.

माझी तीस वर्षांची समजूत तिथं हलली. ही माणसं गाण्याकडं दुर्लक्ष करत नव्हती. ऐकणं त्यांच्या अंगात इतकं मुरलेलं होतं की त्याला तोंड बंद ठेवायची गरज नव्हती. पूर्वी तिथं घरोघर नाच व्हायचा. खोलीतलं सामान बाहेर काढायचं, बाकं भिंतीला लावायची, लेकरांना आतल्या खोलीत निजवायचं आणि वाजवायला सुरुवात. आमच्या सप्ताहात मंडपाच्या कडेला पोरं गोधडीत झोपलेली असतात आणि कीर्तन चालू असतं, तसंच. आणि सात वर्षांखालच्यांना आत घेऊ नका, असा नियम मीच केला होता.

पुढं महिनाभर लेकीच्या घरी बसून मी या लोकांविषयी मिळेल ते वाचलं. दोन गोष्टी मनातून जात नाहीत.

पहिली अशी. १९२१ च्या राज्यघटनेनं लुईझियानात शाळेतलं शिक्षण फक्त इंग्रजीत ठेवलं. फ्रेंच बोललं की मुलांना शिक्षा. एक पिढी अशी निघाली की आईच्या भाषेची आणि बापाच्या वाद्याची लाज वाटायला लागली. १९६४ साली ड्यूई बाल्फा हा फिडलवाला न्यूपोर्टच्या लोकसंगीत उत्सवात गेला. त्याच्या गावाकडच्या शहाण्यांना वाटत होतं की आता आपलं हसं होणार. तिथल्या हजारोंनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. दहा वर्षांनी, मार्च १९७४ मध्ये, बॅरी आन्सले वगैरे मंडळींनी लाफायेतमध्येच मोठी मैफल भरवली, एका बंदिस्त सभागृहात. मुद्दाम खुर्च्या मांडल्या, नाचायला जागा ठेवली नाही. लोकांनी एकदा गप्प बसून आपलं संगीत ऐकावं, त्याची किंमत कळावी, हा हेतू. वाचताना मी पान मिटून ठेवलं. हे तर माझंच मत, माझ्याच शब्दांत. पण काही वर्षांतच त्यांनी तो उत्सव बागेत आणला आणि खुर्च्यांतल्या माणसांना पुन्हा पायांवर उभं केलं. एकदा बसवून ऐकवणं गरजेचं होतं, हे मी अजूनही मानतो. आमच्या सभेचाही तेवढा उपयोग झाला. पण ते तिथंच थांबले नाहीत, मी तीस वर्षं थांबलो.

दुसरी गोष्ट आमेदे आर्दुआँची. काळा, फ्रेंच गाणारा, अकॉर्डियनचा बादशहा. पुढच्या केजन आणि झायडेको दोघांचंही वाजवणं त्याच्याकडून आलं असं मानतात. गोऱ्यांच्या घरच्या नाचात तो वाजवायचा. एका रात्री घाम पुसायला एका गोऱ्या मुलीनं त्याला रुमाल दिला, आणि तेवढ्यावरून बाहेर पडल्यावर त्याला अर्धमेला होईस्तोवर मारलं, असं सांगतात. १९४२ साली तो वेड्यांच्या इस्पितळात गेला. वाजवायला आत यायचं, माणूस म्हणून मात्र दाराबाहेर. माझ्या दाराची आणि त्या दाराची तुलना होत नाही, हे मला कळतं. तरीपण वाचताना डोळ्यांपुढं हरभऱ्याची जुडी आली.

आणि मग माझी पेटी. हे तर मला आधीपासून ठाऊक होतं, पण त्याचा अर्थ लावला नव्हता. पॅरिसमध्ये १८४२ साली पेटंट घेतलेलं हे वाद्य. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी १८७५ साली ते मांडी घालून वाजवता येईल असं केलं. ते परकं आहे, श्रुती दाखवत नाही, गळ्याच्या मागं जात नाही, म्हणून १९४० ते १९७१ अशी तीसेक वर्षं आकाशवाणीनं त्याला बंदी घातली. माझे गुरुजी हे सांगताना कायम चिडायचे. पण त्या तीस वर्षांत पेटी जगली कुठं? नाटकाच्या पिटात, तमाशाच्या कनातीत, आणि सगळ्यात जास्त गावोगावच्या भजनात. जिथं काळी चार आणि पांढरी पाच कुणी विचारत नव्हतं, जिथं पेटीचा भाता फाटला तर सायकलच्या ट्यूबचं ठिगळ लावून काम चालायचं, तिथं. बड्या घरानं दार लावलं तेव्हा या उघड्या मांडवांनी तिला सांभाळलं. आणि तीच पेटी पोटाशी धरून मी त्या मांडवातल्या माणसाकडं तिकीट मागितलं.

परत आल्यावर पहिल्या एकादशीला पैस खांबाच्या देवळात गेलो. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, या खांबाला टेकून ज्ञानदेवांनी गीतेचा अर्थ मराठीत सांगितला आणि सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतला, हे नेवाशाच्या पोराला पाळण्यात कळतं. पण त्या खांबावर कोरलेला संस्कृत लेख वेगळाच आहे. तो दानलेख आहे. करवीरेश्वराच्या देवळातल्या अखंड दिव्याला तेल मिळावं म्हणून कुणी दान दिलं, त्याचा. शेकडो वेळा मी त्या खांबापुढं डोकं ठेवलं असेल, तेलाचा विचार कधी केला नाही. दिवा फुकट जळत नव्हता. कुणीतरी तेलाची सोय लावून दिली होती, आणि त्या उजेडात बसणाऱ्याकडं कुणी तेलाचे पैसे मागत नव्हतं. कलाकाराला दाम मिळालंच पाहिजे, हा माझा मुद्दा बरोबर होता. ते दाम दारात उभ्या असलेल्या माणसाकडूनच वसूल करायचं, हा त्याला मी जोडलेला हट्ट होता.

आपल्याकडं याची रीत तर आहेच. सराला बेटाच्या गंगागिरी महाराजांच्या सप्ताहात आमटी असते आणि गावंच्या गावं भाकरी थापून गाड्या भरून पाठवतात. आमच्या गावच्या सप्ताहात सात दिवस वीणा खाली टेकत नाही, पहाऱ्यागणिक एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जाते. एक पंगत या घरची, दुसरी त्या घरची. त्याला कुणी फुकट म्हणत नाही.

सभेच्या बैठकीत मी हे मांडलं तेव्हा आमचे खजिनदार बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मास्तर, हे तुम्ही बोलताय?" त्यांचा राग मला समजत होता. माझ्याच सांगण्यावरून त्यांनी वर्षानुवर्षं नातलगांना दारात अडवलं होतं. दोन बैठकी वाद झाला. शेवटी असं ठरलं, की हॉलमधल्या बैठकी आहेत तशा राहू द्यायच्या, पण वर्षातून एक रात्र उघड्यावर, तिकिटाशिवाय. कलाकारांची पाकिटं कार्यक्रमाच्या आधी तयार. वर्गणी आम्ही सदस्यांनी घरोघर फिरून गोळा करायची. कुणी तांदूळ दिले, कुणी तेलाचा डबा. आवाजाची यंत्रणा लावणाऱ्या पोरानं पैसे घ्यायला नकार दिला, तेव्हा त्याला मी जबरदस्तीनं दिले. तेवढं माझं जुनं मत अजून शिल्लक आहे.

आणि मी तात्यांच्या वस्तीवर गेलो. ऐंशी ओलांडलेत, पाठ वाकलीय. ओट्यावर बसून कांद्याची रोपं निवडत होते. मी २००६ ची गोष्ट काढली, खिशातल्या पासांसकट. त्यांनी हातातली जुडी खाली ठेवली.

"आठवतंय की. मला वाटलं, हे आपल्याला कळायचं न्हाई असलं गाणं असंल. म्हणून पुन्हा आलो न्हाई."

मी हा विचार कधीच केला नव्हता. मला वाटत होतं, त्यांना अपमान वाटला असेल, राग आला असेल. रागावर बोलता आलं असतं. यावर काय बोलायचं ते मला सुचलं नाही. मी हात जोडले. ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे रे. स्टेज कशाचं करणार?"

"अजून ठरलं नाही."

"दोन ट्रॉल्या जोडू. पोरगं लावून दील."

पौष पौर्णिमा, २५ जानेवारी २०२४. दुसऱ्या दिवशी सुट्टी म्हणून ती तारीख धरली. प्रवरेच्या काठी दोन ट्रॉल्या फाळके पाडून एकमेकींना लावल्या, वर फळ्या आणि सतरंजी. आधी भजन, मग भारूड, आणि शेवटी पुण्याहून आलेल्या गायिका, साथीला मी. त्यांना मी आधीच सांगून ठेवलं होतं, की लोक बोलतील. म्हणाल्या, "बोलू देत." थंडीनं पेटीचे सूर जरा चढल्यासारखे वाटत होते. बायका शेकोटीशी, पोरं ट्रॉलीच्या चाकांत. तात्या घोंगडी पांघरून पुढंच बसले होते, शेजारच्याशी कांद्याच्या भावाबद्दल एकसारखं बोलत. डिसेंबरात निर्यात बंद झाल्यापासून भाव पडलेला, त्यामुळं बोलण्यासारखं पुष्कळ होतं. मी वरून त्यांच्या हाताकडं बघत होतो. विलंबितात सम आली की बोटं गुडघ्यावर पडायची, बोलणं चालूच. एकदा तबल्यापेक्षा त्यांचाच हात मला खरा वाटला.

बारा वाजता संपलं. आवराआवर सकाळी करू म्हणून आम्ही घरी गेलो. पहाटे पाचला मी पेटी न्यायला आलो, तर तात्यांचा मुलगा ट्रॉल्यांचे फाळके चढवत होता. सतरंजी झटकून, घडी करून दगडावर ठेवलेली. तात्या बॅटरी धरून उभे होते. सहाला टोळी फडात येणार होती आणि ट्रॉल्या ऊस भरायला लागणार होत्या. मी डिझेलचे पैसे पुढं केले. त्यांनी बॅटरीचा उजेड माझ्या हातावरून काढून ट्रॉलीच्या हुकावर टाकला आणि पोराला म्हणाले, "पिन बघ नीट बसली का."